न आलेल्या रणगाड्याची तोफ

आमच्या भागात उन्हाळा आणि उद्घाटनं एकाच हंगामात येतात. विहिरी तळाला गेल्या की कोनशिला वर येऊ लागतात. यंदाही मार्च निम्मा सरला नाही तोच घरी तीन निमंत्रणपत्रिका येऊन पडल्या. त्यांतल्या एकीवर रणगाड्याचं चित्र होतं. लष्करानं वापरातून काढलेला एक जुना रणगाडा शेजारच्या गावानं चौकात बसवला होता, त्याचं अनावरण. असल्या सोहळ्यांना जायची माझी सहनशक्ती कधीच संपली आहे. पण रणगाडा म्हटल्यावर राहवलं नाही.

रणगाडा उभा होता. भोवती कोरडं कारंजं, कारंज्याच्या कडेनं प्लास्टिकचं गवत, आणि पोलादाला दुकानाच्या शटरला देतात तसला चकचकीत हिरवा रंग. लोक तोफेखाली उभे राहून फोटो काढत होते. मी मात्र गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, टरेटच्या बुडाशी बघत होतो. टरेट म्हणजे रणगाड्याच्या माथ्यावरचा फिरता बुरूज. तोफ त्यात बसवलेली असते.

"सर, काय हरवलं का?" बरोबरच्या गृहस्थांनी विचारलं.

"रिंग बघतोय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं पाहिलं, आणि या वयात असं व्हायचंच असा चेहरा करून ते पाहुण्यांच्या रांगेकडं सरकले. त्यांचं चुकलं नाही. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. मला रणगाड्याच्या रिंगेशी काय करायचंय? पण मला ती रिंग कळते. दोन हातांनी दाखवता येते. आणि ती मला का कळते हे आठवलं की इतक्या वर्षांनीही माझी चिडचिड होते.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाचं उरलेलं अर्धं अंग. मी कळंब तालुक्यातल्या एका गावात हायस्कुलात शिकवत होतो. त्या उन्हाळ्यातला आधी आठवतो तो आवाज. गावाहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यावर सरकारी दुष्काळी काम चालू होतं आणि सकाळपासून शंभर-दीडशे हातोड्या दगडावर पडत. त्या ठोक्यांवर मी मॅट्रिकच्या वर्गाला कर्मणी प्रयोग शिकवत असे. दगड फोडला जातो. दगड फोडला गेला. कोणाकडून, ते सांगायची गरज नसते, असं मी सांगे आणि पोरं, ज्यांच्या आया त्या क्षणी बाहेर दगड फोडत होत्या, ते वहीत लिहून घेत.

मग आठवतो वास. कामावरच्या मजुरांना सुकडी वाटत. तिचा भाजक्या पिठाचा गोडसर वास दुपारी वर्गात यायचा आणि मागच्या बाकांवरच्या माना एकदम वर व्हायच्या. कडुनिंबाला मात्र त्या वर्षी नुसता बहर. सगळं जळालेलं असताना हे एक झाड असं का फुलतं, याचा मला राग येई. दौतीतली शाई दोन दिवसांत आटायची आणि तिच्यात घालायला चमचाभर पाणी मागायचं तर शिपाई तोंड वाकडं करायचा. वार्षिक परीक्षा सकाळी सातला घ्यायच्या असं ठरलं, कारण नऊनंतर उत्तरपत्रिकेवर घामाचे ठिपके पडून अक्षर फुटायचं.

अशा त्या गावात एक भव्य कमान होती.

कमान साखर कारखान्याची. कारखाना नव्हता. नियोजित होता. आबासाहेब त्याचे मुख्य प्रवर्तक. सगळे त्यांना चेअरमनच म्हणत. माळावर, जिथं उसाचं टिपरूही कुणी पाहिलं नव्हतं, तिथं आधी कमान उभी राहिली. वर 'सहकारी साखर कारखाना' ही अक्षरं माणसाच्या उंचीची आणि त्यांच्या वरती कोपऱ्यात 'नियोजित' हा शब्द इतका बारीक की तो रंगाऱ्यानं सही केल्यासारखा वाटे. कमानीच्या अलीकडं माळ आणि पलीकडंही माळ. गुरं कमानीतून न जाता बाजूनं जायची.

मला आबासाहेबांची थट्टा करायची नाही. म्हणजे करायची आहे, पण माणूस वाईट नव्हता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. त्यांचा असा प्रामाणिक समज होता की कारखाना दिसायला लागला की पाठोपाठ पाणी, ऊस आणि मंजुरी आपोआप येतील. त्यांनी परजिल्ह्यात एका कॉलेजपुढं लष्करानं दिलेला रणगाडा पाहिला आणि त्यांच्या मनानं घेतलं की कमानीपुढं रणगाडा पाहिजे. अर्ज गेला. उत्तर आलं की अर्ज विचाराधीन आहे. मीच ते वाचून दाखवलं आणि विचाराधीन म्हणजे काय तेही समजावून सांगितलं. आबासाहेबांनी मान डोलवली आणि दुसऱ्या दिवसापासून चबुतऱ्याचं काम सुरू झालं.

सिमेंटच्या चबुतऱ्यावर पाणी मारावं लागतं. पंधरा दिवस, सकाळ-संध्याकाळ. त्या उन्हाळ्यात त्या गावात बैलगाडीतून पिंप भरून पाणी जायचं आणि न आलेल्या रणगाड्याच्या चबुतऱ्यावर ओतलं जायचं. मी तोंड उघडलं नाही. माझं अक्षर चांगलं आणि इंग्रजी बरं म्हणून मला रणगाडा समितीचा सचिव नेमलेलं होतं. सचिवाला मत नसतं, वही असते.

समितीवर एक तज्ज्ञ सभासद घेतला, हवालदार किसन. लष्कराच्या दुरुस्ती वर्कशॉपमधून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी गावी आलेले. बौद्ध वस्तीत घर, थोडी कोरडवाहू जमीन, डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं कुठल्याशा तोफेच्या मागच्या दारात राहिलेली. रणगाड्यांच्या तोफा उतरवणं, दुरुस्त करणं, जुन्याच्या जागी नवी बसवणं, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. एरवी आबासाहेब त्यांना "ए किसन" म्हणत. समितीच्या बैठकीत "हवालदार" झालं. सोसायटीच्या कचेरीत त्यांना खुर्ची मिळाली. चहा आला तेव्हा मात्र सगळ्यांना कपबशी आणि त्यांना वेगळा काचेचा ग्लास आला. हवालदार म्हणाले, "उन्हाळ्यात म्या चहा घेत न्हाय." पुढं पावसाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं की ते दिवसाला पाच वेळा चहा घेत, बारा महिने.

पहिल्या बैठकीला त्यांनी ट्रंकेतून एक फोटो आणला. दुसऱ्या महायुद्धातल्या बनावटीचा रणगाडा आणि त्याच्या साखळीवर पाय ठेवून तरुण हवालदार. "देतील तर ह्योच देतील," ते म्हणाले. "ह्या गाड्या आता मोडीत निघाल्यात." लष्करात रणगाड्याला गाडीच म्हणतात.

आबासाहेबांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. त्यांचा चेहरा पडला.

"हवालदार, ही नळी एवढीच?"

"एवढीच हाय, साहेब. जुनी तोफ आखूडच."

"पण हे तर..." आबासाहेबांनी शब्द शोधला. "कमानीपुढं हे शोभायचं नाही. मोठी नाही का बसवता येणार?"

आणि इथून माझ्या आयुष्यातला सर्वांत वैतागाचा महिना सुरू झाला. जो रणगाडा आमच्याकडं नव्हता, जो मिळेल असं कुणीही म्हटलेलं नव्हतं, त्याची तोफ कशी वाढवायची यावर सात जाणती माणसं उन्हाच्या तिरपेत पंख्याविना बसून चर्चा करू लागली.

हवालदार मात्र खुलले. असा प्रश्न त्यांना गावात कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी कचेरीतली पाण्याची घागर मागवली, ती आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरची चुंबळही मागवली आणि चुंबळ टेबलावर ठेवून तिच्यावर घागर बसवली.

"ही चुंबळ, म्हंजी रिंग. ह्या रिंगेवर टरेट फिरतं. आता चुंबळ हीच ठेवायची आन् वर रांजण ठेवायचा. ऱ्हाईल का?"

"नाही राहणार," एकजण म्हणाला.

"ऱ्हाईल. पर तोल बघाय लागंल. मोठी तोफ म्हंजी पुढं वजन. मंग टरेटची पाठ मागं वाढवायची, तिच्यात वजन घालायचं. दुसरं असं, तोफ उडाली की मागं सरकती, हिसका मारती. मोठी तोफ मोठा हिसका. मागं गोळा भरणारा गडी बसल्याला असतो. त्याचं काय?" त्यांनी डावा हात वर केला. मला वाटलं की आता तरी कुणाला हसू येईल किंवा लाज. पण आबासाहेब म्हणाले, "आपल्याला उडवायची थोडीच आहे? दिसायला पाहिजे."

ज्याच्या हाताखालून खऱ्या तोफा गेल्या त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? त्यांनी घागर चुंबळीवरून उतरवली आणि चुंबळ बाईला परत दिली.

पाण्याबद्दल लिहायलाच हवं, कारण त्या उन्हाळ्यात दुसरं काहीच नव्हतं. मी आबासाहेबांच्या चुलत्यांच्या मळ्यात एका खोलीत राहत होतो. गावात पाणी टिकलं होतं ते त्या मळ्यातल्या विहिरीला. गावातल्या बाया पोहऱ्यानं पाणी शेंदून नेत. वस्तीतल्या बायांनी मात्र विहिरीपासून चार हात लांब घागरी मांडून बसायचं आणि कुणाला सवड झाली की त्यानं वरून ओतायचं. कायदा होता, बोर्ड होते, भाषणं होती. विहीर आपल्या जागी होती आणि बाया आपल्या जागी.

मला सकाळी सवड असे. परीक्षा सातला, त्याआधी अर्धा तास मी पोहरा शेंदायचो आणि त्यांच्या घागरी भरायचो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं. आपण पुस्तकं वाचतो त्याचं काहीतरी चीज होतंय असं. हवालदारांची बायको सोजरबाई रोज पुढं बसलेली असे. एकदा ती घागर उचलता उचलता म्हणाली, "सर, तुमी वतता चांगलं. पर लवकर थांबता."

मी घागरीत पाहिलं. गळ्यापाशी चार बोटं रिकामी होती. रोजच राहत असावीत. पाणी अंगावर उडू नये म्हणून मी आधीच हात आखडता घेत होतो, आणि हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

वस्तीसाठी सरकारी बोअर मंजूर झालेला होता. दोन महिन्यांपूर्वी ट्रकनं केसिंगचे तीन लोखंडी पाईप आणून वस्तीच्या कडुनिंबाखाली टाकले होते. सहा इंची, जाड, माणसाच्या तिप्पट लांब. वरचा मुरूम ढासळू नये म्हणून हे पाईप जमिनीत उतरवतात. बोअर मारणारी गाडी गावागावांतून यादीप्रमाणं पुढं सरकत होती. ती येईपर्यंत पाईप झाडाखाली पडून. त्यांवर वस्तीतली म्हातारी माणसं बसत.

तिसऱ्या बैठकीच्या आधी आबासाहेब वस्तीवरून जात होते. बरोबर कळंबचा वेल्डर रसूलभाई. आबासाहेब थांबले. पाईपाकडं पाहिलं. मग डोळे मिटून त्यांनी तो पाईप कमानीपुढं आडवा पाहिला असावा.

"रसूलभाई, ह्यातला एक टरेटला जोडता येईल का हो?"

"क्यों नहीं साहब. दो घंटे का काम है. एक के आगे एक लगाया तो और लंबी."

बैठकीत आबासाहेबांनी विषय मांडला. पाईप नुसते पडलेत. बोअरची गाडी कधी येते कुणास ठाऊक. आल्यावर दुसरे मागवू. मी हवालदारांकडं पाहिलं. आता हा माणूस उठेल, ओरडेल, निदान नाही म्हणेल. हवालदार म्हणाले, "पाईप चालंल, साहेब. पर आधी नकाशा काढाय पायजे. पाईप किती वजनाचा, टरेटची पाठ किती वाढवायची. न्हायतर बसवला आन् नळी खाली वाकली तर इज्जत जाईल."

आबासाहेबांना हे पटलं. नकाशा काढून पुढील सभेत सादर करावा असा ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. मी लिहून घेतलं.

पुढच्या बैठकीला नकाशा आला. टरेटची पाठ वाढवलेली. हवालदार म्हणाले, पाठ वाढवली पण रिंग तीच ठेवली तर तोल जातो; टरेटच नवं करावं काय? नवीन नकाशाचा ठराव. त्याच्या पुढच्या बैठकीला नवं टरेट आलं, चौकोनी, मोठ्या पेटाऱ्यासारखं. पण इतकं वजन खालच्या गाडीला झेपेल का? उपसमिती. त्या उपसमितीचाही सचिव मी. पेन्सिलीनं काढलेले ते नकाशे ड्रॉइंगच्या कागदावर शाईनं उतरवायचे, बाजूला इंग्रजीत नावं लिहायची आणि त्याच हातानं परीक्षेचे पेपर तपासायचे. मी एका पोराच्या निबंधात चुकून 'तोल पाहावा' असा शेरा मारला. शाळेत मुख्याध्यापकांनी विचारलं तर शैलीबद्दल म्हटलंय असं सांगून वेळ मारून नेली.

आणि नकाशे दर खेपेला मोठे होत गेले. या वाढीत काहीतरी ओळखीचं होतं, ते मला आता कळतं. आमच्याकडं सगळ्याचंच असं होतं. सोसायटीचा संघ होतो, संघाचा महासंघ होतो, सत्काराला सत्कार समिती लागते, समितीला स्वागताध्यक्ष लागतो, स्वागताध्यक्षाच्या नावामागं पदव्या लागतात. बुडाशी मात्र तोच आपला जुना सांगाडा, तेच इंजीन. त्यावर वर्षानुवर्षं नवं टरेट. परवा ज्या चौकात गेलो तिथल्या पत्रिकेवर एकवीस नावं होती. मी एरवी मोजली नसती. ती वाचता वाचता निवेदकाचा आवाज बसला म्हणून मोजली.

पण तेव्हा मला एवढं सुचत नव्हतं. मला फक्त हवालदारांचा राग येत होता. एका संध्याकाळी, पाचवा नकाशा हातात घेऊन मी वस्तीवर गेलो. हवालदार झाडाखाली त्याच पाईपावर बसून पेन्सिलीला टोक करत होते.

"हवालदार," मी म्हणालो, "त्या लोकांना काम नाही. तुम्ही तरी शहाणे आहात ना? तुमची बायको रोज त्या विहिरीवर ताटकळत बसते. ज्या पाईपावर तुम्ही बसलाय तो इथून नेणार आहेत, आणि तुम्ही खुशाल तोफा काढत बसलाय!"

त्यांनी पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून पाहिलं.

"सर, उद्या तालुक्याला जाणार ना तुमी? पेपर घेऊन?"

"हो. त्याचं काय?"

"तिथं कचेरीत एवढं इचारा, बोअरची गाडी येरमाळ्याला आली का म्हणून. आली आसंल तर आजून किती गावं हायत आमच्या आदी."

मी हातातला नकाशा खाली केला.

"पाईप जाग्यावर दिसला न्हाय तर गाडी थांबत न्हाय," हवालदार म्हणाले. "फुडच्या गावाला जाती. मंग आपला नंबर फुडल्या साली. आन् भांडून काय व्हणार? म्या भांडलो तर चेअरमन आजच कापतेत, उगी हट्टाला पेटून. पर ठराव पुरा झाल्याबिगर ते पाईपाला हात लावणार न्हाईत. तेवढं पक्कं हाय त्यांचं. म्हणून म्या ठराव पुरा होऊ देत न्हाय."

आतून सोजरबाई म्हणाली, "सरांला आत्ता कळलं व्हय? म्या म्हणलं, शिकल्याला माणूस हाय, पैल्या नकाशालाच वळखंल."

मी पाईपावर बसलो. पोळलो आणि उठलो. दिवसभराचं ऊन त्याच्या अंगात होतं.

हे खरंच होतं. आबासाहेबांचं सगळं सार्वजनिक जीवन ठरावावर उभं होतं. ठरावाशिवाय ते खुर्चीही हलवत नसत. गावात लोक त्याला हसायचे, आणि त्या हसण्यात मी पुढं असे. किसन हवालदारानं मात्र ते गुण म्हणून पाहिलं आणि वापरलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कळलं, गाडी येरमाळ्याला आलेली आहे. आमच्या आधी चार गावं. एकेका गावाला दोन-तीन दिवस.

त्याच सुमारास आबासाहेबांचा धीर सुटला. कमानीच्या उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे येण्याचा दिवस ठरत आला होता, आणि रणगाडा नाही तर निदान तोफ तरी तयार हवी होती. पुढच्या बैठकीला त्यांनी रसूलभाईंना गॅसच्या सिलेंडरसकट बोलावून बाहेर बसवलं. विषय एकच: पाईप कापण्यास मंजुरी देणे. हवालदारांनी नकाशा उलगडला. म्हणाले, नुसता पाईप लावला तर बरं दिसणार नाही. खरी नळी बुडाशी जाड आणि टोकाला बारीक असते. आलेल्यांत एखादा निवृत्त फौजी असला तर हसेल.

"हसू द्या," आबासाहेब म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असावं. "आता फार झालं. सूचक?"

एकानं हात वर केला.

"अनुमोदक?"

हवालदारांचा हात नकाशावर होता. उजवा, पूर्ण बोटांचा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुधा मी मान खाली घातली असती.

"आबासाहेब," मी म्हणालो, "सचिव म्हणून एक मुद्दा नोंदवायचा आहे."

सगळे माझ्याकडं वळले. वहीला आवाज फुटला असं त्यांना वाटलं असावं.

"रणगाडा लष्कराची मालमत्ता. त्यात फेरफार करायचा तर त्यांची लेखी परवानगी लागेल. ती न घेता तोफ वाढवली आणि पाहुण्यांच्या ध्यानात आलं, तर? नियमात बसत नाही."

आबासाहेबांनी डोळे मिटले. नियम हा शब्द त्यांच्यावर चालतो हे मला ठाऊक होतं. बाहेर रसूलभाई बिडी ओढत होते, तिचा वास आत आला.

"मग काय करावं म्हणता?"

"पत्र लिहू. इंग्रजीत. नकाशासह. उत्तर येईपर्यंत पाईप जसाच्या तसा ठेवावा, असाही त्याच ठरावात उल्लेख करू."

"लिहा," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "सर, तुम्ही होतात म्हणून बरं. आम्ही भलतंच करून बसलो असतो."

रसूलभाई सिलेंडर सायकलला बांधून परत गेले. जाताना म्हणाले, "सर, तोप बनी तो बुलाना."

त्या रविवारी मी माझ्या हयातीतलं सर्वांत मूर्खपणाचं पत्र लिहिलं. आपण आम्हांला अद्याप न दिलेल्या रणगाड्यावर मोठं टरेट आणि अधिक व्यासाची तोफ बसवण्यास परवानगी मिळावी, सोबत नकाशे सहा. दोन मसुदे केले. भाषा निर्दोष होती. आदरार्थी वाक्यरचना मी वर्गात कधी इतकी नीट शिकवली नसेल. ज्या फार्सवर मी महिनाभर दात खात होतो त्याचा कळस माझ्या हातून चढत होता, आणि पाकीट बंद करताना मला लाज वाटण्याऐवजी, काय सांगू, लेखणी पहिल्यांदा कामी आल्यासारखं वाटलं. उत्तर अजून आलेलं नाही.

बोअरची गाडी मी चौकशी केल्यापासून नवव्या दिवशी दुपारी आली. वस्तीत, गावात, रस्त्यावरच्या कामावर, सगळीकडं तिचा आवाज. हातोड्या थांबल्या. जमिनीतून आधी काळी धूळ, मग लाल मुरूम, मग खडकाचं राखाडी पीठ उडून झाडावर, माणसांवर, फुललेल्या कडुनिंबावर बसलं. पाईप एकामागून एक उभे राहिले आणि जमिनीत उतरले. शेवटचा उतरताना वस्तीतल्या एका म्हातारीनं त्याला हात लावून कपाळाला लावला.

त्या गोंगाटात हवालदार माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले, "सर, एक सांगू का? त्यो सहावा नकाशा खोटा न्हाय."

"काय?"

"आधीचे पाच उगी वेळ काढाय काढले. पर सहावा बसतोय. म्या हिशेब घातला. खऱ्या मोठ्या तोफंची नळी दीड हात कापायची, तोंडाला ब्रेक लावायचा, म्हंजी हिसका कमी. टरेटची पाठ वाढवायची. रिंग तीच. बसती तोफ. खरीखुरी उडती!"

म्हणजे मोठी तोफ बसवायची तर नळी आखूड करावी लागत होती. आबासाहेबांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी विषयच सोडून दिला असता, आणि महिनाभराची कटकट वाचली असती. मी हवालदारांवर ओरडणार होतो. पण धुळीनं पांढऱ्या झालेल्या त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पाहिला, की म्हटलं राहू दे. वीस वर्षं दुसऱ्यानं काढलेल्या नकाशाप्रमाणं नट फिरवलेला तो माणूस. स्वतःचा एक नकाशा बरोबर आला होता आणि तो माझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

पाणी लागलं. फार नाही, पण लागलं. आठवड्यानं हापसा बसला. उद्घाटनाला अर्थातच आबासाहेब. नारळ फोडला, पाण्याचं महत्त्व सांगितलं, सहकाराचं महत्त्व सांगितलं आणि रणगाडा आला की वस्तीतल्या सर्वांनी बघायला यावं असं अगत्याचं आमंत्रण दिलं. हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "किसन, तुझ्या नकाशाचं मी बघतो." मग ते आणि त्यांच्यामागून बाकीचे गेले. हार तेवढा हापशाच्या दांड्याला राहिला.

बायांनी घागरी पुढं आणल्या. पहिली सोजरबाई. तिनं हार काढून बाजूला ठेवला आणि दांडा धरला. दोन हिसक्यांत नुसता वारा, मग गढूळ, मग स्वच्छ. घागर भरत आली. गळ्यापर्यंत आली. काठाला लागली आणि वरून वाहू लागली, तिच्या पायांवरून, मुरुमावरून.

"अहो बाई," माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "भरली की घागर."

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि हापसत राहिली.